गावरान अंड्यात गॅस्ट्रुलेशन कसं बघायचं, तेही ठाण्याच्या उकाड्यात

टीवायच्या (बीएस्सी तिसरं वर्ष) झूलॉजीवाल्या पोरांना गॅस्ट्रुलेशन, म्हणजे भ्रूणातल्या पेशी सरकून तीन थर होण्याची प्रक्रिया, शिकवताना माझा एकच हट्ट असतो, आधी अंडं उघडून बघा, मग वहीत आकृती काढा. आकृतीत असतं काय तर वर निळा एक्टोडर्म, मध्ये लाल मेसोडर्म, खाली पिवळा एंडोडर्म आणि दोन बाण, मार्क मिळाले की विषय संपला. त्या बाणाच्या जागी हजारो पेशी आपली जागा सोडून सरकत गेल्या, एकमेकींना चिकटलेल्या होत्या त्या सुटल्या, खाली उतरल्या आणि तिथे पसरून नवीन थर झाला, हे त्या बाणाकडे बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि हे तीन थर पहिल्यांदा नीट मांडले गेले ते कोंबडीच्या अंड्यावरूनच, 1817 मध्ये ख्रिश्चन पांडरने उबवलेली अंडी फोडून फोडून. तेव्हा त्याच्याकडे मोबाइल कॅमेरा नव्हता, तुमच्याकडे आहे, त्यामुळे रडगाणं नको.

कोंबडीच का, तर बेडकाचा भ्रूण गोळा असतो, त्यात आत काय वळतंय ते वरून दिसत नाही. कोंबडीचा भ्रूण पिवळ्या बलकावर पसरलेली एक चपटी चकती असते, वरून भिंग धरलं की सगळा मामला समोर. माणसाचा भ्रूणही त्या वेळेला असाच चपटा असतो आणि त्यातही साधारण पंधराव्या दिवशी अशीच प्रिमिटिव्ह स्ट्रीक (पेशी जिथून आत उतरतात ती रेघ) उमटते, म्हणून बारावीवाल्यांनीही हे वाचायला हरकत नाही.

आता अंडी. इथेच निम्मे लोक आपटतात. दुकानातली पांढरी अंडी अजिबात चालत नाहीत, लेअर फार्मवर कोंबडा ठेवतच नाहीत, त्यामुळे ती अंडी फलित नसतातच, कितीही उबवा. ब्राऊन कवच म्हणजे गावरान असं समजून घेऊन येऊ नका, कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, फलित आहे की नाही याचा त्याच्याशी काही संबंध नाही. विचारायचा प्रश्न एकच, "कोंबड्यांमध्ये कोंबडा आहे का?" मुरबाड, शहापूर किंवा बदलापूरच्या पुढे कुणाचं गाव असेल तर काम सोपं, कुणाच्या तरी आजीकडे दहा-बारा कोंबड्या आणि एक माजलेला कोंबडा असतोच, तिला सांगून ठेवायचं की घातलेलं अंडं त्याच दिवशी उचल आणि वर पेन्सिलने तारीख टाक. नाहीतर हॅचरीतून उबवणीची अंडी मिळतात, ती जास्त खात्रीची. आसनगाव किंवा बदलापूरहून लोकलने आणणार असाल तर पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये रुंद टोक वर करून आणा आणि घरी आल्यावर चार-पाच तास हलवू नका.

उकाड्याचा मुद्दा पुस्तकात कुणी लिहीत नाही पण ठाण्यात तो सगळ्यात महत्त्वाचा. अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर येतं तेव्हाच आत हजारो पेशींची चकती तयार असते, बाहेरच्या गारव्याने ती थांबते आणि ऊब मिळाली की परत चालू होते. थांबण्यासाठी तापमान साधारण 20 अंशांच्या खाली लागतं. आता मे महिन्यात नौपाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या किचनमध्ये 34 अंश, म्हणजे अंडं ना धड थांबलेलं ना धड चालू, आत रटाळपणे वाढत राहतं, वेडंवाकडं वाढतं आणि बऱ्याचदा मरतं. मग तुम्ही म्हणता अठरा तास ठेवलं तरी काही दिसलं नाही. तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा सीझन धरा. उन्हाळ्यात करायचंच असेल तर थर्मोकोलच्या डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बर्फाची पिशवी आणि तिच्यापासून लांब अंडी, आत 14-15 अंश राहतील असं बघा. फ्रीजमध्ये थेट ठेवू नका, 4 अंश फारच गार होतात. आणि आठवड्यापेक्षा जुनी अंडी नकोच.

इन्क्युबेटर विकत घ्यायची गरज नाही. थर्मोकोलचा मासळीवाला डबा (स्वच्छ धुतलेला, प्लीज), त्यात 40 वॉटचा जुना पिवळा बल्ब, एक डिजिटल थर्मोस्टॅट जो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो, जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा आणि वाटीभर पाणी. एलईडी बल्ब लावलात तर उजेड पडेल, ऊब येणार नाही. तापमान 37.5 ते 38 मध्ये ठेवा, 40 च्या वर गेलं की खेळ खलास, त्यामुळे अंडी ठेवायच्या आधी डबा रिकामा चालवून अर्धा दिवस बघा की आकडा स्थिर राहतोय. थर्मोस्टॅटचा सेन्सर अंड्याच्या उंचीवर लटकवा, बल्बजवळ नको. बल्बच्या आजूबाजूला पत्र्याचा डबा कापून आडोसा करा, थर्मोकोल वितळतं.

अंडं आडवं ठेवायचं आणि वरच्या बाजूला पेन्सिलने फुली मारायची. बलक आत फिरतो आणि भ्रूणाची बाजू हलकी असल्यामुळे ती आपोआप वर येते, म्हणजे फुलीच्या खालीच भ्रूण. अजून एक भारी गोष्ट, अंड्याचं रुंद टोक तुमच्या डाव्या हाताला ठेवलं तर बहुतेक वेळा भ्रूणाचं डोकं तुमच्यापासून लांबच्या बाजूला आणि शेपूट तुमच्याकडे असतं. याला फॉन बेअरचा नियम म्हणतात. व्हायवात हे सांगा, समोरचा सर खुश होतो.

किती तास ठेवायचं? हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या दोघांनी 1951 मध्ये कोंबडीच्या भ्रूणाचे 46 टप्पे ठरवले आणि ते तासांवर नाही तर दिसण्यावर ठरवले, कारण तास फसवतात, एकाच ट्रेमधली दोन अंडी एकाच वेळी उघडली तरी एक पुढे एक मागे असतं. तरी अंदाजासाठी, 6-7 तासांना मागच्या कडेला बुटकी स्ट्रीक, 12-13 ला मध्यापर्यंत, 18-19 ला पूर्ण लांब (जवळपास 2 मिलिमीटर), 23 ते 25 मध्ये डोक्याची घडी, 26 ते 29 मध्ये चार सोमाइट जोड्या (सोमाइट म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे मेसोडर्मचे ठोकळे), 33 ते 38 मध्ये दहा. पहिल्यांदा करताय तर 18 आणि 26 एवढेच दोन टप्पे घ्या, दुपारी चारला अंडी लावली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला पहिला लॉट आणि संध्याकाळी सहाला दुसरा, रात्री जागायला नको. मध्ये लाइट गेली तर डबा उघडू नका, थर्मोकोल तासभर तरी ऊब धरून ठेवतं.

आता उघडायचं. त्याआधी सलाइन बनवा. कोंबडीच्या भ्रूणाला मिठाचं पाणी आपल्यापेक्षा जरा पातळ लागतं, 0.72 टक्के, आणि मेडिकलमध्ये मिळणारं नॉर्मल सलाइन असतं 0.9 टक्के, तर चार भाग सलाइन आणि एक भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळा, बरोब्बर 0.72 होतं. कोमट करून घ्या.

फिल्टर पेपरचे अडीच सेंटिमीटरचे चौकोन कापा आणि ऑफिसच्या पंचिंग मशीनने मध्ये भोक पाडा, 18 तासांच्या भ्रूणाला एक भोक पुरतं, 26 तासांच्याला दोन भोकं एकमेकांवर चढवून लांबट करा. अंडं एका खोलगट बाउलमध्ये हळूच फोडा, बलक अख्खा राहिला पाहिजे, ऑम्लेट करताना फोडता तसं धाडकन नको. बलकावर मधोमध फिकट गोल दिसेल, नसेल तर चमच्याने हळूच बलक फिरवा. त्या गोलात मध्ये पारदर्शक भाग आणि बाहेर धुरकट कडं असेल तर अंडं फलित. नुसता पांढरा ठिपका असेल, कडं नसेल, तर आजीच्या कोंबड्याने दगा दिला, पुढचं घ्या.

आता जरा सावकाश, सगळं यश इथे आहे. बलकावर घट्ट पांढरं लगद्यासारखं चिकटलेलं असतं, ते टिश्यू पेपरच्या घडीने भ्रूणाच्या बाजूबाजूने पुसून घ्या, हे राहिलं तर कागद चिकटतच नाही आणि उचलताना भ्रूण घसरून जातो. मग फिल्टर पेपर असा ठेवा की भोकाच्या बरोब्बर मध्ये भ्रूण येईल, कडा बोटाने हलक्या दाबा, दहा-पंधरा सेकंद थांबा, कागद ओला होऊन पारदर्शक झाला की समजा धरला. आता बारीक टोकदार कात्रीने कागदाच्या बाहेरून चारही बाजूंनी पटापट कापा, पटापट यासाठी की पहिला कट मारल्यावर बलक वाहायला लागतो. चिमट्याने कागदाचा कोपरा धरून तिरका ओढत उचला, सरळ वर नाही, आणि सलाइनच्या डिशमध्ये उलटा ठेवा, म्हणजे भ्रूणाची खालची बाजू वर. ड्रॉपरने सलाइनचा हलका फवारा मारून चिकटलेला बलक धुवा. डिशच्या खाली काळा कार्डपेपर, उजेड बाजूने तिरका. आता भिंगातून बघा.

18 तासांच्या भ्रूणात पेरूच्या आकाराचा पारदर्शक भाग दिसतो आणि त्यात मध्ये एक फिकट रेघ, रेघेच्या मधोमध बारीक खाच, पुढच्या टोकाला छोटी गाठ. रेघ म्हणजे प्रिमिटिव्ह स्ट्रीक, गाठ म्हणजे हेन्सेनचा नोड. खाच वरच्या बाजूने जास्त स्पष्ट दिसते, त्यामुळे कागद एकदा उलटून बघा.

ही रेघ म्हणजे एखादा अवयव आहे असं पोरांना वाटतं, तिथेच सगळं बिघडतं. ठाणे स्टेशनवर संध्याकाळी ब्रिजच्या जिन्याच्या तोंडाशी कायम गर्दी दिसते ना, पण दर मिनिटाला त्या गर्दीतली माणसं वेगळी असतात, आधीची खाली उतरून प्लॅटफॉर्मभर पसरलेली असतात, तसंच हे आहे. रेघ तिथेच दिसते, पेशी बदलत राहतात. वरच्या थरातल्या, म्हणजे एपिब्लास्टमधल्या पेशी दोन्ही बाजूंनी रेघेकडे सरकतात, खाचेत आल्या की त्यांचं वरचं टोक आवळतं आणि खालचा भाग फुगतो, बाटलीसारखा आकार होतो, खालचं पातळ अस्तर तुटतं, शेजारणीशी असलेली पकड सुटते आणि पेशी एकेकट्या खाली उतरून सरपटत लांब जातात. याला इन्ग्रेशन म्हणतात. बेडकात मात्र पेशींची अख्खी चादर एका ओठावरून आत वळते, ते इन्व्होल्युशन. पेपरमध्ये हे दोन शब्द अदलाबदल करून लिहिणारे दरवर्षी भेटतात, तर लक्षात ठेवा, चादर अख्खी वळली तर इन्व्होल्युशन, पेशी सुट्या होऊन उतरल्या तर इन्ग्रेशन.

कोण कुठे जातं ते उतरण्याच्या वेळेवर आणि जागेवर असतं. सुरुवातीला उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच पेशी अगदी खाली जातात आणि तिथे आधीपासून असलेल्या हायपोब्लास्टला बाजूला ढकलून एंडोडर्म बनवतात. हायपोब्लास्ट म्हणजेच एंडोडर्म असं लिहू नका, हायपोब्लास्टपासून पिल्लाचं शरीर बनत नाही, तो बाजूला सरकून बलकाच्या पिशवीकडच्या भागात जातो. वरचा थर आणि हा नवीन एंडोडर्म यांच्यामध्ये ज्या पेशी पसरतात त्या मेसोडर्म. नोडमधून उतरलेल्या पुढे मध्यरेषेत जाऊन नोटोकॉर्ड (पाठीच्या मधोमध जाणारा दांडा) बनवतात, नोडच्या जरा मागून उतरलेल्या सोमाइट, अजून मागून उतरलेल्या बाजूचा मेसोडर्म. आणि ज्या कधी उतरल्याच नाहीत, वरच राहिल्या, त्या एक्टोडर्म. म्हणजे तिन्ही थर एकाच एपिब्लास्टमधून आलेत. हे एक वाक्य डोक्यात बसलं तरी निम्मं काम झालं.

पूर्ण लांब झाल्यावर रेघ मागे सरायला लागते आणि नोड मागे जाता जाता पुढे नोटोकॉर्ड सोडत जातो. म्हणून 26 तासांचा भ्रूण बघा, पुढे डोक्याची घडी पडलीय, चार सोमाइट जोड्या झाल्यात आणि मागे शेपटाकडे अजून रेघ शिल्लक आहे, तिथे पेशी उतरणं चालूच आहे. एकाच भ्रूणात पुढचा भाग वयाने मोठा, मागचा लहान. दोन्ही टोकं एकाच वेळी दिसतात म्हणून हा टप्पा माझा फेव्हरेट आहे.

पेशी सरकताना प्रत्यक्ष बघायच्या असतील तर ते घरचं काम नाही, कॉलेजची लॅब लागते. नेल्सन स्प्रॅट यांनी 1940 च्या दशकात भ्रूणावर कार्बनचे बारीक कण टाकून ते कुठे वाहत जातात हे टिपलं, 1955 मध्ये डेनिस न्यू यांनी भ्रूण काचेच्या रिंगवर ताणून अंड्याबाहेर वाढवायची पद्धत काढली आणि आत्ता तुम्ही वापरलेली फिल्टर पेपरची रिंग 2001 च्या ईसी (अर्ली चिक) कल्चरमधली, त्यात भ्रूण अगार (जेलीसारखा पदार्थ) आणि अंड्यातलं पांढरं यांच्या प्लेटवर उलटा ठेवून 38 अंशांत वाढवतात. आपल्याकडे पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावर मोठं काम उभं केलं, त्या एडिंबराला भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टनकडे शिकून आल्या होत्या. सरांना मस्का मारून एक प्लेट लावून मिळाली तर मोबाइलचा टाइमलॅप्स लावा, रेघ उमटायच्या आधी पेशी दोन भोवऱ्यांत फिरून मागच्या बाजूला गोळा होतात, त्याला पोलोनेझ मूव्हमेंट म्हणतात, बघताना भारी वाटतं.

घडी कशी पडते हे मात्र घरीच करून बघता येतं, आणि हे अंड्याशिवायही जमतं त्यामुळे बारावीवाल्यांनी नक्की करा. आइस्क्रीमच्या दहा-बारा काड्या आणि भांडी घासायच्या स्पंजचे काडीएवढ्या रुंदीचे सारखे तुकडे घ्या. काडी, स्पंज, काडी, स्पंज असं ओळीने फेविकॉलने चिकटवा, काड्यांची दोन्ही टोकं स्पंजच्या वर-खाली अर्धा इंच बाहेर आली पाहिजेत, रात्रभर सुकू द्या. काड्या म्हणजे पेशींचे बाजूचे पडदे, स्पंज म्हणजे पेशी. आता मधल्या तीन-चार काड्यांच्या फक्त वरच्या टोकांना शेजारी-शेजारी रबरबँड घट्ट घाला. स्पंज वरून आवळतो, खालून फुगतो आणि अख्खी पट्टी मध्येच वाकून खोलगट होते. कुठलीही काडी जागा सोडून गेली नाही, नुसता आकार बदलला आणि चादरीला घडी पडली. वॉरेन लुईस यांनी 1947 मध्ये पितळी पट्ट्या आणि रबरबँड घेऊन असंच मॉडेल केलं होतं, आपलं जरा स्वस्तातलं. पेशीत रबरबँडचं काम अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं करतात, ते वरच्या टोकाला जमून आवळतात. फळमाशीच्या भ्रूणात पोटाच्या बाजूच्या साधारण हजार पेशी अशाच आवळतात आणि अर्ध्या तासाच्या आत सगळी पट्टी आत जाते.

आता रबरबँडच्या जागा बदला. फक्त मध्ये एका जागी घातले तर इंग्रजी व्ही होतो, मध्ये एक आणि दोन्ही बाजूंना एकेक अशा तीन जागी घातले तर पट्टीची टोकं एकमेकांकडे वळून नळी व्हायला लागते. न्यूरल प्लेटमध्येही (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती पट्टी) घडी पडायच्या अशा तीन जागा असतात, मधली नोटोकॉर्डच्या बरोब्बर वर आणि दोन बाजूच्या, फक्त मणक्याच्या सगळ्या लांबीत तिन्ही वापरल्या जात नाहीत, कुठे मधलीच जोरात असते तर कुठे बाजूच्या. माणसात ही नळी चौथ्या आठवड्याच्या शेवटी, साधारण 28 व्या दिवसापर्यंत बंद होते, बऱ्याच बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळत असतं किंवा कळलेलंही नसतं, म्हणून ही नळी नीट बंद व्हावी यासाठी डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून घ्यायला सांगतात.

आणि टिकल्यांचं एक. ताटात टिकल्यांच्या चार उभ्या ओळी लावा, प्रत्येक ओळीत सहा. आता दुसऱ्या ओळीतल्या टिकल्या पहिलीतल्या टिकल्यांच्या मध्ये घुसवा, चौथीतल्या तिसरीत. चारच्या दोन ओळी झाल्या, लांबी दुप्पट, रुंदी निम्मी, टिकल्या तेवढ्याच. हे कन्व्हर्जंट एक्स्टेन्शन, भ्रूण गोलाचा लांबट होतो तो मुख्यतः यामुळे, पेशी वाढल्यामुळे नाही. मिरवणुकीसारखं सगळ्यांनी पुढे चालावं लागत नाही, फक्त शेजारी घुसावं लागतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि एकदा हाताने केलं की परत विसरत नाही.

वहीत आकृती काढताना आधी वरून दिसणारा भ्रूण काढा, रेघ, नोड सगळं, मग रेघेवर आडवी तुटक लाइन मारा आणि त्या लाइनवर कापल्यावर काय दिसेल ते शेजारी काढा. दुसरी तुटक लाइन नोडच्या पुढे मारा, तिथे कापलं तर रेघ नाही, नोटोकॉर्ड दिसेल. एकाच भ्रूणाचे दोन काप शेजारी-शेजारी काढणाऱ्याला परीक्षक मार्क कापत नाही, माझ्या तरी पाहण्यात नाही.

घरी करताय तर 28 तासांच्या पुढे जाऊ नका, 33 तासांच्या आसपास हृदय धडधडायला लागतं आणि मग लहान भावंडं घरात असतील तर रडारड होते, त्यापुढचं कॉलेजमध्ये सरांच्या परवानगीने आणि त्यांच्या समोर. उरलेली अंडी डब्यातून काढून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग ओल्या कचऱ्यात टाका. उबवलेलं अंडं फलित निघालं नाही म्हणून कुणी भुर्जी करू नका, 38 अंशांत दिवसभर राहिलेलं आहे ते. हात साबणाने धुवा, कवचावर साल्मोनेला असू शकतो, आणि आईची कात्री वापरली असेल तर ती उकळूनच परत जागेवर ठेवा.